फॉर्म्युला वनला विज्ञानाची सहल न्यावी का?

स्नेहल (मेलबर्न):
लेकीच्या शाळेची आठवीची विज्ञान सहल अल्बर्ट पार्क या उद्यानात, फॉर्म्युला वन मोटारशर्यतीच्या आधीच्या सरावाला जाणार आहे. 'ही कसली विज्ञान सहल, ही तर नुसती मौजमजा' असं काही पालकांचं म्हणणं आहे. मला वाटतं, सहल जायलाच हवी. डॉप्लर परिणाम फळ्यावर शिकवला की मुलांच्या डोक्यावरून जातो. इथे गाडी जवळ येताना आवाजाचा सूर चढा असतो आणि पुढे गेली की झरकन उतरतो. गाणं शिकणाऱ्या मुलींना तो फरक सुरांतच पकडता येईल. पंचमावरून षड्जावर उतरला, तर वेग ताशी 247 किलोमीटरच्या आसपास. शुद्ध धैवतावरून उतरला, तर 309! ध आणि सा यांच्या कंपनसंख्यांचं गुणोत्तर 5:3, त्यावरून गाडीचा वेग आवाजाच्या वेगाच्या एक चतुर्थांश निघतो. एवढं गणित आठवीला झेपतं.

मिलिंद:
स्नेहलताई, वाचायला छान वाटतं. पण गिअर बदलला की इंजिनाचे फेरे बदलतात आणि सूरही बदलतो. त्यात कानांवर इयरमफ. मुलं नक्की काय मोजणार? आणि माझी खरी काळजी वेगळीच आहे. याच ट्रॅकवर 2001 मध्ये सुटलेलं चाक कुंपणाच्या फटीतून आलं आणि एका मार्शलचा, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याचा, जीव गेला. 2023 मध्ये गाडीचा उडालेला तुकडा लागून एका प्रेक्षकाच्या दंडाला जखम झाली. माझा मुलगा तिथे उभा राहायला नको.

गिरीश:
इयरमफने आवाज कमी होतो, सूर तोच राहतो. गिअरचा मुद्दा मात्र बरोबर आहे. म्हणून सरळ पट्ट्याच्या शेवटाकडे, गाडी आठव्या गिअरमध्ये असताना आणि ब्रेक लागण्याआधी मोजायचं. सुरक्षा हासुद्धा विज्ञानाचाच धडा आहे, मिलिंद. 2018 पासून चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची हेलो चौकट असते. 2020 मध्ये बहरीनला रोमां ग्रोजाँ या चालकाची गाडी कठड्यात घुसली, दुभंगली, पेटली. तरी तो स्वतः बाहेर आला.

वैशाली:
अहो, पण ते सार्वजनिक उद्यान आहे! शर्यत 1996 मध्ये तिथे आली, तेव्हा आसपासच्या लोकांनी झाडांना पिवळ्या फिती बांधून विरोध केला होता. शिवाय या खेळाचं बहुतेक प्रदूषण गाड्यांच्या धुरातून होत नाही. सगळा लवाजमा देशोदेशी नेण्यात आणि लोकांच्या प्रवासात होतं. मुलांना हे कोण शिकवणार? आयोजकांची जाहिरात ऐकवून परत आणणार असाल, तर माझा विरोधच.

स्नेहल:
वैशालीताई, पटलं. प्रदूषणाचा हिशेब मुलांच्या वर्कशीटमध्ये घाला, असं शाळेला आजच कळवते. पण म्हणून सहलच नको, हे मला मान्य नाही.

मिलिंद:
मुलांना कुठे बसवणार आणि पुढे जाळी किती उंच, हेही विचारा. ते कळेपर्यंत माझी सही नाही.