बदलापुरात पाणी आणि लोकल वाढेपर्यंत नव्या संकुलांची परवानगी थांबवावी का?

बेलवलीकर

माझं मत आधीच सांगतो: थांबवावी. कायमची नको. नवी जनगणना होऊन खरे आकडे हाती येईपर्यंत, आणि तीही फक्त मोठ्या संकुलांची.

कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 98 हजारांच्या आसपास होती. 2011 ला ती 1 लाख 74 हजारांवर गेली. दहा वर्षांत पाऊणपटीहून जास्त वाढ. पुढची जनगणना 2021 ला व्हायची होती, ती झालीच नाही; आता 2027 ची वाट बघायची. मधल्या काळात कात्रप, शिरगाव, खरवई, मांजर्ली, वालिवली, जिकडे बघावं तिकडे इमारती. त्यात डिसेंबर 2020 ला राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली, चटईक्षेत्र (एका भूखंडावर किती बांधता येईल ते) वाढलं आणि टॉवर उभे राहू लागले. एवढं होऊनही 2025 च्या नगरपरिषद निवडणुकीचे प्रभाग 2011 च्याच लोकसंख्येवर पाडले गेले.

साधा हिशेब करू. माणशी दिवसाला 135 लिटर पाणी हा सरकारी निकष. 2011 च्या लोकसंख्येला रोज सुमारे साडेतेवीस दशलक्ष लिटर लागतं. आजच्या लोकसंख्येला किती लागतं? हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण माणसं मोजलेलीच नाहीत. न मोजलेल्या गावात आणखी हजारो फ्लॅटना परवानगी देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

या गावाची घडी कधी नीट बसू दिलीच नाही. 1983 ला आपल्याला कल्याण महापालिकेत घातलं, 1992 ला बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद दिली. ज्या वर्षांत रस्ते आणि नाले आखायला हवे होते, त्या वर्षांत आपण कुणाचे हेच ठरत नव्हतं. पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलावर संध्याकाळी काय होतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

विरोधी मतं जरूर मांडा, पण घर घेऊन स्थायिक झालेल्यांचा स्वार्थ एवढंच म्हणून विषय संपवू नका.

परळची लेक

तेवढंच म्हणणार नाही, पण तेही म्हणणार. परळच्या चाळीत एका खोलीत आम्ही सात जण राहिलो. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, आणि त्या टॉवरमध्ये आमच्यासारख्यांना जागा नव्हती. आधी लोक डोंबिवलीला गेले, तिथलं परवडेना तेव्हा अंबरनाथ, मग बदलापूर. सीएसएमटीपासून 68 किलोमीटरवर कुणी हौसेने राहायला येत नाही हो.

तुम्ही परवानग्या थांबवल्या तर माणसं यायची थांबतील का? ती वांगणीला, नेरळला जातील, जिथे ग्रामपंचायतीकडे ना नीट मलनिस्सारण ना अग्निशमन. इथले फ्लॅट महागतील, भाडी चढतील. फायदा कुणाचा, तर ज्यांचं घर आधीच झालंय त्यांचा. पाणी कमी पडतंय हे मान्य. तर पाणी वाढवायला भांडा, मी मोर्च्यात पहिल्या रांगेत असेन.

उल्हासकाठ

मी हेंद्रेपाड्याजवळ राहतो, म्हणून फक्त नदीचं बोलतो.

26 जुलै 2005 ला उल्हास घरात शिरली. 2019 च्या जुलैत पुन्हा. त्याच वेळी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. 2021 ला पुन्हा पाणी आलं.

निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही, दोन रेषांच्या मध्ये अटी पाळून करायचं. आमच्याकडे सोळा वर्षांत तीनदा पाणी घरात आलंय. मग ती 25 वर्षांची हद्द कुठल्या पावसावर काढली? नदीकाठच्या शेतांत भराव टाकला की पाणी पसरायची जागा जाते आणि ते शेजारच्या जुन्या वस्तीत शिरतं. भराव करणारा फ्लॅट विकून मोकळा होतो, चिखल आम्ही उपसतो. रेषा नव्याने आखून होईपर्यंत नदीच्या बाजूची प्रत्येक परवानगी थांबवा. बाकी गावाचं तुम्ही ठरवा.

गावठाणातला

बेलवलीकर, तुमच्या टोपणनावात गाव आमचं आहे, म्हणून जरा स्पष्ट बोलतो. राग मानू नका.

तुमचा इतिहास 1983 ला सुरू होतो. कल्याणहून खोपोलीपर्यंत रेल्वे 1856 ला गेली, तेव्हाही कुळगाव, बदलापूर, बेलवली, कात्रप ही गावं होती आणि इथे भात पिकत होता. बदलापूरच्या जांभळाला आज भौगोलिक मानांकन आहे; ती झाडं आमच्या बांधांवरची. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जमिनी विकल्या त्यांना कवडीमोल पैसा मिळाला आणि इमारती बांधणारे मोठे झाले. आज कुठे आमच्यातले काही जण स्वतः भागीदारीत बांधायला लागलेत, तर तुम्ही म्हणता परवानगी थांबवा. भात लावून घर चालत नाही, मजूर मिळत नाही, चारी बाजूंनी इमारती झाल्यावर शेतात पाणी तुंबतं. मग त्या जमिनीचं करायचं काय?

आणि पाण्याचं म्हणाल तर बारवी धरण आमच्या उशाला आहे. त्याची उंची वाढवली तेव्हा तोंडली, मोहघरसारखी गावं उठवली. ते पाणी एमआयडीसीचं, जांभूळ गावच्या शुद्धीकरण केंद्रातून ठाणे, मीरा-भाईंदर, नवी मुंबईकडे जातं. तिकडच्या टॉवरांना पाणी पुरत नाही म्हणून तिकडची परवानगी थांबवा, असं कुणी म्हणतं का?

निवृत्त अभियंता

पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलं म्हणून थोडं लिहितो. बेलवलीकरांच्या हिशेबात एक गोष्ट सुटली आहे. पाणी योजना मागच्या जनगणनेवर आखत नाहीत, पुढच्या साधारण तीस वर्षांची लोकसंख्या अंदाजून आखतात. त्यामुळे जनगणना झाली नाही म्हणून पाणी नाही, हे बरोबर नाही.

बदलापूरला राज्याचं जीवन प्राधिकरण उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून (बंधाऱ्यातून) पाणी देतं. ही नदी उन्हाळ्यात वाहते ती मुख्यतः टाटांच्या वीजघरामुळे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीला डोंगरावरून खाली येतं, त्यावर वीज होते आणि ते उल्हासमध्ये सोडलं जातं. त्या पाण्यावर खालच्या कितीतरी शहरांचा वाटा ठरलेला आहे. म्हणजे अडचण तीन ठिकाणी: मंजूर कोटा, शुद्धीकरणाची क्षमता आणि गावातल्या जलवाहिन्या. टोकाच्या वस्तीला टँकर लागतो तो पुष्कळदा तिसऱ्या कारणाने, कारण टाकी भरली तरी दाब पोचत नाही. परवानग्या थांबवून यातलं काहीही सुधारणार नाही. उलट परवानगी देताना घेतलं जाणारं विकास शुल्क बंद झालं की वाहिन्या बदलायला पैसा कुठून आणणार?

बेलवलीकर

अभियंता साहेब, अंदाज बांधतात हे ठीक, पण तो बांधायला शेवटचा पक्का आकडा लागतो, आणि तो 2011 चा आहे. 2020 च्या नियमावलीने एका भूखंडावर राहणारी माणसं वाढवली. ती वाढ त्याआधीच्या अंदाजात कशी असेल?

विकास शुल्काबद्दल: ते इतकी वर्षं जमा होतच होतं. तरी शिरगावच्या टोकाला टँकर येतो.

गावठाणातले दादा, बारवीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्या पाण्यात बदलापूरचा वाटा मागायला मी तुमच्यासोबत आहे. तुमच्या स्वतःच्या जमिनीवर चार मजली इमारत उठली तर माझी हरकत नाही. माझा विरोध शेकडो फ्लॅटच्या संकुलाला आहे, ज्याच्या जाहिरातीत स्टेशन पाच मिनिटांवर असतं आणि गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

सकाळची कर्जत

गाडीचा विषय निघालाच आहे तर: कल्याणच्या पुढे आपल्याकडे दोनच रूळ. त्याच रुळांवरून कर्जत-खोपोलीच्या लोकल, त्याच रुळांवरून पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या. म्हणून नुसती लोकल वाढवा म्हणून निवेदन दिलं तरी गाडी घालायला जागा नाही. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका एमयूटीपी 3-अ या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पात 2019 ला मंजूर झाली, त्यातच अंबरनाथ-बदलापूरमध्ये चिखलोली स्टेशन आहे. पुढे बदलापूर-कर्जत 32 किलोमीटरलाही केंद्राची मंजुरी मिळाली. मंजुरीने गर्दी कमी होत नाही, रूळ पडल्यावर होते.

माझी सूचना अशी की बांधायला बंदी नको, पण मोठ्या संकुलाला मान्यता देताना रेल्वे आणि पाणी दोन्ही खात्यांकडून लेखी घ्या, की या वर्षापर्यंत एवढी सोय होईल. आज नगरपरिषद नकाशा मंजूर करते आणि रेल्वेला त्याची खबरही नसते.

परळची लेक

हे पटतं. बंदीला मात्र माझा विरोध कायम आहे.

बेलवलीकर

मग मधला मार्ग सुचवतो. नळजोडणी देऊन पुरेशा दाबाने पाणी येतंय याची तपासणी झाल्याशिवाय भोगवटा दाखला, म्हणजे इमारतीत राहायला जायची परवानगी, द्यायचा नाही. टँकरचं करारपत्र चालणार नाही. यावर ताई, तुम्ही सही कराल?

परळची लेक

नाही करणार, कारण तो दाखला अडला की बिल्डरचं काही जात नाही. त्याचे पैसे टप्प्याटप्प्याने आधीच मिळालेले असतात. बँकेचा हप्ता आणि जुन्या घराचं भाडं दोन्ही भरत बसतो तो घर घेणारा. आणि शेवटी कंटाळून लोक दाखल्याविनाच राहायला जातात, मग त्यांचंच घर बेकायदा ठरतं. अट लावायची तर बांधकाम सुरू करायच्या दाखल्याला लावा. पाण्याची हमी नसेल तर पाया खोदू देऊ नका आणि एकही फ्लॅट विकू देऊ नका. असा अर्ज लिहा, पहिली सही माझी. उल्हासकाठ दादांचं पूररेषेचं कलमही त्यात घाला.

गावठाणातला

आणि बारवीचंही. नाहीतर आमची सही मिळणार नाही.