पाचशे मीटर, पण कुठून मोजायचे? (मोबाइल टॉवर, पवनचक्क्या आणि ग्रामसभा)

कोरडवाहू:
परवा इथे एकाने लिहिलं होतं: "टॉवर आणि पवनचक्क्यांना विरोध करणारे एकतर अडाणी असतात, नाहीतर पैसे उकळणारे. ग्रामपंचायतीची ना-हरकत हा प्रकारच बंद करा." दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आमचं घर गावठाणात नाही, मळ्यात आहे. आजोबांनी विहीर पाडली तेव्हाच ते तिथे राहायला गेले. आज चार घरं आणि एक गोठा, एवढी वस्ती. पवनचक्कीवाले आले तेव्हा त्यांच्या नकाशावर गावठाण होतं, शाळा होती, डांबरी रस्ता होता. आमची वस्ती नव्हतीच. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की नको. त्यांनी अंतर दाखवलं ते गावठाणाच्या हद्दीपासून. मी पन्नास मीटरची टेप आणली आणि पोराला टोक धरायला लावून गोठ्याच्या भिंतीपासून बुंध्यापर्यंत मोजलं. सहा टेप आणि वर दहा मीटर.

दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकला की मावळताना बरोबर चक्कीच्या मागे येतो. पात्याची सावली अंगणातून सरकते, भिंतीवर चढते, जाते, परत येते. मिनिटाला चाळीसेक वेळा. आई त्या वेळी दार लावून बसते. जर्मनीत या सावलीलाही मर्यादा आहे, वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं. आपल्याकडे विचारलं तर समोरचा म्हणतो, सावलीचं काय घेऊन बसलात?

आणि नीट ऐका, आम्ही ग्रामसभेत "नको" म्हणालो नव्हतो. दोनशे मीटर पश्चिमेला सरकवा म्हणालो होतो.

रेंजबाहेर:
तो लेख माझा नाही, पण त्यातलं अर्धं मला पटतं, आणि का पटतं ते सांगतो.

आमच्या गावात टॉवरचा अर्ज आला तेव्हा ग्रामसभेत चार जण उठले. कॅन्सर होतो, गायी गाभडतात, आंब्याला मोहोर लागत नाही. ठराव झाला, टॉवर गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन लावायचा तर देवळाच्या टेकडीवर जावं लागतं. मी चिखलातून टेकडी चढलो, तीन वेळा फोन कट झाला, चौथ्यांदा लागला. खाली आलो तेव्हा आई त्यांचे तळपाय चोळत होती. ते वाचले नाहीत. आधी फोन लागला असता तर वाचले असते का, मला माहीत नाही. पण त्या चार जणांना मी आजही माफ केलेलं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने टॉवर बंद पाडण्याचा असाच ठराव केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण अपायाचा शास्त्रीय आधारच समोर आला नाही. बरोबर केलं. भीतीवर ठराव करायचा अधिकार कुणालाच नको.

गच्चीवरून:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण "भीती" म्हणून सगळं उडवून लावू नका. आमच्या समोरच्या गच्चीवर अँटेना बसल्या आणि पाच वर्षांत आमच्या मजल्यावर तीन कॅन्सर झाले. तीन. त्यातली एक माझी वहिनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्येच या लहरींना "संभाव्य कर्ककारक" म्हटलंय. आणि २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या एका रुग्णाच्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने टॉवर बंद करायला लावला. न्यायालयंही मग अडाणी का?

जुना रिगर:
बावीस वर्षं टॉवरवर चढतोय. दोघांनाही सांगतो, राग मानू नका.

गच्चीवरून ताई, २०११ चा तो गट म्हणजे २ब. त्यात लोणच्यात मुरवलेल्या आशियाई भाज्याही आहेत. त्याचा अर्थ पुरावा अपुरा, आणखी तपासा. "होतोच" असा अर्थ नाही. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. ९०० मेगाहर्ट्झला तिकडे चौरस मीटरला ४.५ वॉट, इकडे ०.४५. तुमच्या समोरचा टॉवर त्यात बसतो का, हे 'तरंग संचार' पोर्टलवर बघता येतं. शंका राहिली तर शुल्क भरून लहरींची मोजणीही करून घेता येते. पॅनल अँटेनाचा झोत समोर जातो, पायथ्याशी नाही, दिव्याखाली अंधार असतो तसा. म्हणून खरा प्रश्न असतो समोरच्या, त्याच उंचीच्या मजल्याचा. दूरसंचार खात्याने राज्यांना दिलेल्या सूचनांत त्यासाठीच अंतरं दिली होती: समोर एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५, सहा असतील तर ५५. तुमचं अंतर किती आहे? ते मोजा. मोजून कमी भरलं तर मी तुमच्यासोबत अर्जावर सही करीन.

आणि रेंजबाहेर दादा, गावातले लोक उगाच ओरडत नाहीत. टॉवरखाली त्यांना त्रास असतो तो जनरेटरचा. वीज गेली की रात्री दोन वाजता तो धडधडायला लागतो, धूर शेजारच्या खिडकीत. तक्रार करायची तर अर्ज कुठे द्यायचा कळत नाही. मग लोक कॅन्सर म्हणतात, कारण कॅन्सर म्हटल्यावर निदान कुणीतरी ऐकतं.

गच्चीवरून:
वहिनीच्या आजाराशी लोणच्याची तुलना केलीत. यापुढे तुम्हाला उत्तर देणार नाही.

जुना रिगर:
तसं म्हणायचं नव्हतं. दुखावलं असेल तर माफ करा. अंतर मात्र मोजा.

पाखरू:
माणसांचं चाललंय, चिमण्यांचं कुणी बोलेना. आमच्या वाड्यात आजोबांच्या फोटोफ्रेममागे दर वर्षी घरटं असायचं. आजी काड्या झाडून काढायची आणि पिल्लं असली की झाडू ठेवून द्यायची. पंखा बंद ठेवायचो. टॉवर आले आणि चिमण्या गेल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, याला कुठलं प्रमाणपत्र नको.

सहावी वीट:
पाहिलंत, पण अर्धंच. टॉवर आला त्याच दहा वर्षांत तुमचा वाडाही पडला असेल ना? कौलं गेली, वासे गेले, स्लॅब आला. चिमणी घरटं करायची कुठे? फोटोफ्रेम आता भिंतीला चिकटून बसते. अंगणात धान्य पाखडणं थांबलं. पिल्लांना धान्य चालत नाही, अळ्या-किडे लागतात, आणि बागेत फवारणी सुरू झाली. लंडनमधल्या चिमण्याही नव्वदच्या दशकात झपाट्याने कमी झाल्या आणि त्याचं एकच कारण कुणालाही ठामपणे सांगता आलेलं नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या २०२० च्या मोठ्या अहवालात देशभरातली चिमणी पंचवीस वर्षांत साधारण स्थिर दिसते, महानगरांत मात्र घटलेली. टॉवर तर खेड्यांतही आहेत.

पाखरू:
माझा वाडा पडला की नाही ते तुम्ही कसं ठरवता?

सहावी वीट:
उभा आहे?

पाखरू:
२००४ मध्ये पाडला. भावांच्या वाटण्या झाल्या. पण टॉवर त्याच्या आधीचा, २००२ चा.

जुना रिगर:
एका साइटवर मीटरच्या पेटीत चिमणीचं घरटं होतं, टॉवरच्या पायापासून चार हातांवर. दर फेरीला झाकण हळूच उघडायचो. एकदा चार पिल्लं होती. हा पुरावा नाही, मला माहीत आहे. तरी सांगितलं.

रेंजबाहेर:
आमच्याकडे अजूनही टॉवर नाही आणि चिमण्याही कमी झाल्यात. विहिरीत लोंबणारी सुगरणीची घरटी तेवढी शिल्लक आहेत.

सहावी वीट:
तीच गोष्ट मधमाश्यांची. पोळं दिसलं की जाळायचं, फुलोऱ्यात औषध मारायचं आणि नाव टॉवरचं घ्यायचं. माझ्या सूर्यफुलाच्या बांधावरच्या सहा पेट्या शेजाऱ्याच्या एका फवारणीत मेल्या. पेटीसमोर माश्यांचा खच पडला होता, फावड्याने ओढला. टॉवरवर चर्चासत्रं होतात. माझ्या शेजाऱ्याला मात्र संध्याकाळी फवार एवढं सांगायलाही कृषी खात्याचा माणूस आला नाही.

कोरडवाहू:
मंडळी, धागा पवनचक्कीच्या अंतराचा होता. चिमण्यांसाठी वेगळा काढा, मी तिथेही येईन. माझ्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही: अंतर कुठून मोजायचं?

पाखरू:
तुमच्याच प्रश्नाकडे येते. चिमण्यांचं बाजूला ठेवते, सोडलेलं नाही. पण पवनचक्की आणि पक्षी याला पक्का अभ्यास आहे आणि तो आपल्याच साताऱ्यातला. चाळकेवाडीच्या पठारावरचा, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चार पटींनी कमी आढळले. त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली, तेही अंगाने खंगलेले आणि माणूस जवळ आला तरी लवकर न पळणारे. गळ्याला निळा-केशरी पंखा असलेला तो सरडा. त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच सारडा सुपर्बा, आपल्या मराठी शब्दावरून. वरची घार गेली आणि खालचं सगळं बदललं. असं असून २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा बसतच नाही. म्हणजे उभारण्याआधी जनसुनावणी नाही. मग गावाने बोलायचं कुठे? राहिली ग्रामसभा, आणि तीही बंद करा म्हणताय.

सहावी वीट:
हे मान्य. हा अभ्यास मला माहीत नव्हता. चिमण्यांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

जुना रिगर:
कोरडवाहू, अंतराचं सांगतो. तुम्ही म्हणता त्याच २०१६ च्या सूचनांत रस्ता, रेल्वे, इमारत यांच्यासाठी दुसरं गणित आहे: बुंध्याची उंची, अधिक पात्यांच्या घेराच्या व्यासाचं निम्मं, अधिक ५ मीटर. १२० मीटर उंची आणि १२० मीटर व्यास धरला तर १८५ मीटर. चक्की आडवी पडली तरी रस्त्यावर पडू नये, एवढाच त्याचा हिशेब. काही जण हाच आकडा घरांनाही लावून दाखवतात, कारण "इमारत" हा शब्द तिथे आहे. घरासाठी ५०० ची ओळ वेगळी आहे. तुमच्या वस्तीला घरपट्टी लागते का? पावत्या असतील तर ती राहती घरं आहेत हे दाखवायला त्या कामी येतील.

रेंजबाहेर:
पण या सूचना आहेत, कायदा नाही. आणि सगळ्या राज्याला एकच आकडा लावला की काय होतं तेही बघा. बव्हेरियाने २०१४ मध्ये उंचीच्या दहापट अंतराचा नियम केला आणि तिथे नव्या चक्क्या जवळपास थांबल्याच. शेवटी २०२२ मध्ये ढील द्यावी लागली. डेन्मार्कमध्ये चौपट आहे, तिथे वारा थांबला नाही. म्हणून म्हणतो, अंतर लिहून द्या, पक्कं करा, पण ते गावागावाच्या मर्जीवर सोडू नका. मर्जी आली की एजंट आलाच. आमच्याकडे जो सगळ्यात मोठ्याने कॅन्सर म्हणत होता, त्याच्याच चुलत्याच्या रानात पुढे दुसऱ्या कंपनीचा अर्ज निघाला.

कोरडवाहू:
एजंट आमच्याकडेही होता. सातबारा घेऊन घरोघर फिरायचा, म्हातारीचा अंगठा घ्यायचा. पण तो ग्रामसभेत कधी बोलला नाही दादा, तो ओट्यावर बोलायचा. उघड्यावर बोलणं झालं तर त्याची अडचणच होते. आणि पंचायतीला आता मिळतं तरी काय? टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केलं होतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने यंत्रणा जागेपासून वेगळी धरली आणि त्या करातून काढली. कर नाही, सुनावणी नाही, वर ना-हरकतही नको. मग गावाच्या हातात फक्त रस्ता अडवणं उरतं. पाती घेऊन येणाऱ्या ट्रेलरपुढे आडवं झोपणारे लोक तिथून तयार होतात.

रेंजबाहेर:
ठीक आहे. "कुठे" हे विचारायचा हक्क गावाला हवा, एवढं मानतो. "हवा की नको" हे ठरवायचा नाही, निदान टॉवरच्या बाबतीत तरी नाही. वडिलांनंतर यापेक्षा जास्त मला मानवणार नाही.

कोरडवाहू:
मी पहिल्या पोस्टमध्ये एवढंच मागितलं होतं.

गच्चीवरून:
रिगर यांना उत्तर देणार नाही म्हणाले होते, पण मोजलं. आमच्या बैठकीच्या खिडकीपासून समोरच्या अँटेनापर्यंत २८ मीटर. अँटेना सहा आहेत. आता सांगा.

जुना रिगर:
सहाही तुमच्याकडेच तोंड करून आहेत का? फोटो टाका, समोरून काढलेला. उंची तुमच्या मजल्याचीच असेल तर अंतर कमी आहे. अर्जाचा मसुदा आज रात्री लिहून देतो, सोबत मोजणीची मागणीही टाकू. सही करीन म्हणालो होतो, करतो.

कोरडवाहू:
घरपट्टीच्या पावत्या सापडल्या, १९८७ पासूनच्या, आईच्या ट्रंकेत. पोराने सावलीची वही केलीय. आज ५:२४ ला पहिली सावली उंबऱ्यावर आली, ५:४९ ला गेली.