टांझानियातल्या मूल्यमापन प्रशिक्षणासाठी खेळ सुचवा

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, सध्या डोडोमाजवळ एका पाणी-स्वच्छता प्रकल्पावर आहे. पुढच्या महिन्यात इथल्या 25 कार्यकर्त्यांना कार्यक्रमाचं मूल्यमापन शिकवायचंय. दोन दिवस, सोबत स्वाहिली दुभाषी. वीज बेभरवशाची, म्हणून प्रोजेक्टर आणि मोबाइलवरची क्विझ बाद.

बडोद्यात मी शेव-उसळीचा खेळ घ्यायचे. चांगल्या शेव-उसळीचे निकष गटाने आधी ठरवायचे, मग चाखून गुण द्यायचे. तर्रीच्या तिखटपणावरून वाद जुंपला की निर्देशक (काम कितपत जमलं हे मोजायची खूण) म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. इथे छोट्या गटावर तेच चहा-चपातीवर करून पाहिलं, मस्त जमलं. दोरीला चिठ्ठ्या लावून ‘नळ बसला’ आणि ‘मुलांचे जुलाब कमी झाले’ यांतला, म्हणजे केलेलं काम आणि त्यानंतर दिसलेला बदल यांतला, फरकही कळला.

गाडी अडते ती पुढे. जुलाब नळामुळे कमी झाले, की त्याच सुमारास गावात दवाखाना उघडला म्हणून? इथे भाषण सुरू केलं की चेहरे कोरे. शिवाय प्रशिक्षणाला सोबत बसणारे वरचे साहेब बोलले की गावपातळीवरच्या ताई नुसत्या माना डोलावतात, आणि मला तर त्यांचंच बोलणं हवंय. गट वेगळे करायला परवानगी नाही. बक्षिसांची स्पर्धा नको, हरलेले गप्प बसतात.

कागद, दोरी आणि बिया (इथला बाओ खेळ बियांवरच चालतो, त्या सहज मिळतील) एवढ्यावर तासाभरात होणारा, ‘हा बदल आपल्याच कामामुळे झाला का’ हे तपासायला लावणारा खेळ कोणी घेतलाय का? आणि त्यात साहेबांना कोणती भूमिका दिलीत?