मैफल फसली तर तिकिटाचे पैसे परत मागावेत काय?

परभणीकर : २९ डिसेंबर २००२ रोजी अमेरिकेत शिकागोजवळच्या रोझमाँट येथे ‘क्रीड’ या रॉक बँडचा कार्यक्रम झाला. मुख्य गायक स्कॉट स्टॅप नशेत होता, त्याला एकाही गाण्याचे शब्द धड म्हणता आले नाहीत आणि तो मध्येच रंगमंच सोडून जात होता, असा आरोप करून चार श्रोत्यांनी पुढच्या वर्षी बँडवर दावा लावला. तिकिटासोबत गाडी उभी करण्याचे पैसेही त्यांनी मागितले होते. न्यायालयाने तो दावा २००३ मध्येच फेटाळला.

मला हा निकाल पटत नाही. वरातीत बँडवाल्याने दोन गाणी वाजवून काढता पाय घेतला, तर मुलीचा बाप उरलेले पैसे देत नाही आणि त्याला कोणी अरसिकही म्हणत नाही. मग तिकीट काढणाऱ्यानेच मुकाट्याने घरी का जावे? गेल्या हिवाळ्यात शेजारच्या जिल्ह्यात दीड हजारांचे तिकीट काढून मी एका नामवंत गायकाला ऐकायला गेलो होतो. कार्यक्रम दोन तास उशिरा सुरू झाला, ते एक वेळ सोडून देऊ. पण तिसऱ्या गाण्यात त्यांनी माइक खाली घेऊन बाटलीतले पाणी प्यायले आणि अंतरा मात्र बिनदिक्कत चालूच राहिला.

अंबाजोगाईचा श्रोता : आपला संताप समजतो, परंतु मार्ग चुकीचा आहे. आडतीवर सोयाबीनचा ओलावा मोजायला यंत्र असते. गाण्यातला ओलावा कोणत्या यंत्राने मोजणार? माझ्या वडिलांनी ऐकलेल्या एका मैफलीत वयोवृद्ध गवयाचा आवाज तार सप्तकात अक्षरशः फाटला होता. निम्मे लोक उठून गेले आणि उरलेले निम्मे त्या रात्रीबद्दल आजही बोलतात. यातल्या कोणत्या निम्म्याला पैसे परत द्यायचे? बसलेल्या घशाबद्दल नोटीस येऊ लागली, तर जोखीम घेऊन कोणीच गाणार नाही आणि मग सगळेच आपल्या गायकासारखे पाणी पीत गातील.

काळा कोट, लातूर : दोघांनीही कायदा थोडा बाजूला ठेवला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘सेवा’ या व्याख्येत मनोरंजनाचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे तिकीट काढणारा श्रोता ग्राहक ठरतो. तक्रार तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, म्हणजे पुण्यात फसलेल्या कार्यक्रमासाठी लातूरकराला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

मात्र आपल्याच भागातले उदाहरण लक्षात ठेवावे. तेव्हाच्या औरंगाबादमधील एका शिक्षिकेने २०१६ च्या ‘फॅन’ या चित्रपटाच्या निर्मात्यांविरुद्ध तक्रार केली होती. जाहिरातीत दाखवलेले गाणे चित्रपटात नव्हते, एवढीच तिची तक्रार. जिल्हा मंचाने ती फेटाळली, राज्य आयोगाने १०,००० रुपये भरपाई दिली आणि राष्ट्रीय आयोगाने ती कायम ठेवली. २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे आदेश रद्द केले. जाहिरात म्हणजे वचन नव्हे, आणि कलेच्या सेवेत कलावंताला काही मोकळीक असते, असा त्या निकालाचा आशय आहे.

अंबाजोगाईचा श्रोता : म्हणजे माझेच म्हणणे खरे ठरले.

काळा कोट, लातूर : अर्धेच. वाईट गाणे आणि न गाणे यांत फरक आहे. पहिल्याचा न्याय श्रोत्याने करावा. दुसऱ्यात, ‘प्रत्यक्ष गायन’ असे तिकिटावर छापलेले असेल, तर तो साधा व्यवहार मोडल्याचा प्रश्न होतो आणि तिथे रसिकतेचा संबंधच येत नाही.

माळेगावचा यात्रेकरू : आमच्याकडे खंडोबाच्या यात्रेत तंबूचा तमाशा लागतो, तिथली रीत सांगतो. एका वर्षी गण-गवळण झाली आणि वग सुरू होण्याआधी फडमालक स्वतः बोर्डावर आले. मुख्य नायिकेला ताप भरला आहे, आज तिची जागा दुसरी बाई घेईल, ज्यांना पसंत नसेल त्यांनी खिडकीवरून पैसे घेऊन जावे, असे ते हात जोडून म्हणाले. पन्नासेक माणसे उठली असतील. बाकीचे आम्ही पहाटेपर्यंत बसलो आणि त्या बदली बाईला शिट्ट्याही कमी पडल्या नाहीत. कोर्टाची पायरी चढण्याची वेळ येते ती खिडकी बंद असल्यामुळे, असे माझे मत आहे.

परभणीकर : नेमके हेच! माझ्या वेळी खिडकी नव्हतीच. तिकीट मोबाइलवर काढलेले, मनगटावर कागदी पट्टी, आणि आयोजकाचा क्रमांक दुसऱ्या दिवसापासून बंद. घसा बसला असता तर मी टाळी वाजवली असती, हे अंबाजोगाईकरांनी ध्यानात घ्यावे.

अंबाजोगाईचा श्रोता : पाण्याच्या घोटापुरते मी माघार घेतो. तरीही दावा गायकावर नव्हे, आयोजकावर असावा. आपल्याकडून पैसे त्याने घेतले, गायकाने नव्हेत.

काळा कोट, लातूर : दोघांनाही पक्षकार करता येईल. आधी पुराव्याचे बोला. त्या क्षणाचे चित्रीकरण कोणाकडे आहे काय?

परभणीकर : पुतण्याच्या मोबाइलमध्ये आहे. चित्र स्वच्छ आहे. पण तो स्वतःच बेंबीच्या देठापासून गात होता, त्यामुळे त्यात गायकापेक्षा त्याचाच आवाज ऐकू येतो.