येलचे ते ३ टक्के
ध्येयं लिहून ठेवावीत हे पटवायला अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा एक दाखला देतात: १९५३च्या बॅचमधल्या ३ टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली आणि २० वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांहून जास्त निघाली. ऐकायला झकास, पण असा अभ्यास झालाच नव्हता. खुद्द येलनेच शोधाशोध करून तसं सांगितलंय. तरी व्याख्यानांतून तो बिनदिक्कत फिरतोय. (टक्केवारी फेकली की माना डोलतातच!)

म्हणून ध्येयं लिहूच नका असं नाही. लॉक आणि लॅथम या मानसशास्त्रज्ञांचं ध्येयांवरचं संशोधन खरंखुरं आहे: 'जमेल तेवढं करेन' म्हणणाऱ्यांपेक्षा नेमकं, जरा अवघड ध्येय ठेवणाऱ्यांचं काम सरस होतं. 'वाचन वाढवायचं' यापेक्षा 'रोज झोपण्यापूर्वी २० पानं' बरं. मात्र कामच नवखं असेल तर आधी शिकण्याचं ध्येय ठेवा, निकालाचं नंतर बघू.