मदत हवी आहे : डोगोन कोठाराच्या दारावरच्या आकृती

नमस्कार मंडळी. कलेच्या विद्यार्थ्यांसाठी पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या डोगोन लोकांच्या लाकूडकामावर छोटं सादरीकरण करतेय आणि एका चित्राखालच्या ओळीवर गाडी अडलीय.

चित्र आहे बांदियागाराच्या कड्याखालच्या गावातल्या धान्यकोठाराच्या दाराचं. दार कसलं, खिडकीएवढी फळीच! त्यावर माणसांच्या आकृत्यांच्या ओळी, बाजूला लाकडी कुलूप, आणि कुलपाच्या माथ्यावर बसलेलं एक जोडपं. कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झाल्यात. आत बाजरी. हे काम गावातल्या लोहारांचं, म्हणजे कुदळ घडवणारा हातच मूर्ती कोरतो. मला तर हीच गोष्ट सगळ्यात आवडली.

आता अडचण. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ ग्रिओल यांनी 1946 मध्ये ओगोतेमेली या अंध डोगोन शिकाऱ्याशी बोलून जी सृष्टिकथा मांडली, तिच्या आधारे अनेक जण अशा आकृत्यांना थेट 'नोम्मो', म्हणजे पाण्याशी जोडलेले आदिजीव, म्हणतात. पण 1991 मध्ये डच मानववंशशास्त्रज्ञ व्हान बीक यांनी लिहिलं की, त्यांना डोगोन गावात ती कथा तशी सापडलीच नाही. मग 'पूर्वज' लिहू? की नुसतं 'मानवाकृती'? हात वर केलेल्या मूर्तींबद्दलही तेच, 'पावसाची प्रार्थना' असं छातीठोकपणे लिहायला हात धजत नाही.

आफ्रिकी कला किंवा मानववंशशास्त्र शिकलेलं कुणी आहे का इथे? आणि त्या कोठाराला 'कणगी' म्हटलं तर चालेल का? ते मातीचं, चौकोनी, वर गवताची टोपी असलेलं असतं.