कँडीचे दंतधातू मंदिर: गोव्यात नष्ट केलेला दात कोणता?

निपाणीकर:
नमस्कार. बुद्धपौर्णिमेला आमच्या वाचनालयात श्रीलंकेतील कँडीच्या दंतधातू मंदिरावर (धातू म्हणजे येथे बुद्धांचा अवशेष, त्यांचा दात) मला बोलायचे आहे. तयारी करताना एक पेच पडला. पोर्तुगीजांनी १५६० च्या मोहिमेत श्रीलंकेच्या उत्तरेकडील जाफन्याहून बुद्धांचा दात गोव्याला आणला आणि तेथे तो कुटून, जाळून त्याची राख नदीत टाकली, अशी नोंद मिळते. मग कँडीत पूजा कशाची होते? शिवाय हे मंदिर कोणी सोळाव्या शतकातले सांगतात, कोणी अठराव्या. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

मलप्रभाकाठ (खानापूर):
चोर्ला घाट उतरला की गोवा, तरी ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. पेगूच्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, राजाने त्या दातासाठी प्रचंड रक्कम देऊ केली होती आणि व्हाइसरॉय कॉन्स्टंटिनो द ब्रागांझा यांना तिचा मोहही पडला होता. परंतु असा सौदा म्हणजे मूर्तिपूजेला हातभार, अशी भूमिका घेऊन धर्माधिकाऱ्यांनी तो होऊ दिला नाही. सिंहली परंपरा म्हणते की नष्ट झाली ती प्रतिकृती. व्याख्यानात या वादाचा निकाल लावायच्या भरीस आपण पडू नये, असे मला वाटते.

त्यापेक्षा धातू आणि राजसत्ता यांचे नाते सांगावे. चौथ्या शतकात कलिंगाची राजकन्या हेममाला हिने तो केसांत लपवून लंकेत नेला, अशी कथा आहे. पुढे धातू ज्याच्या ताब्यात त्याचाच गादीवर हक्क, असा समज रूढ झाला, त्यामुळे राजधानी हलली की धातूही हलला: अनुराधपूर, पोलोन्नरुवा, दंबदेणिय, यापहुव, कोट्टे आणि शेवटी कँडी. कँडीत पहिला विमलधर्मसूर्य (१५९२–१६०४) याने बांधलेले दुमजली मंदिर आज उरलेले नाही. सध्याचा गाभारा वीर नरेंद्रसिंह (१७०७–१७३९) याच्या काळातला आहे. शतकांचा घोळ होतो तो यामुळे.

शहापूरकर (बेळगाव):
वास्तूबद्दल थोडे लिहितो. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिरासारखे दगडी शिल्पकाम डोळ्यांपुढे ठेवून कँडीला गेलेला माणूस प्रथम गोंधळतो, कारण तेथे लाकूड, चुन्याचा गिलावा आणि उतरती छपरे यांचेच राज्य आहे. गाभारा दुमजली असून तळमजल्यासमोर पूजेच्या वेळी ढोल वाजतात आणि धातू वरच्या मजल्यावर, एकात एक बसणाऱ्या सात स्तूपाकार करंडकांत (झाकणाच्या डब्यांत) असतो. अशी रचना आपल्याला परकी नाही: १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा तेथेही एकात एक ठेवलेले करंडकच निघाले होते.

छायाचित्रांत दिसणारी अष्टकोनी इमारत, पत्तिरिप्पुव, ही मात्र उशिराची भर आहे. ती, खंदक आणि समोरचा तलाव ही कँडीचा शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह याची कामे. हा राजा दक्षिण भारतीय नायक घराण्यातला होता, हे आवर्जून सांगा. खंदकाच्या भिंतीला लाटांसारखा कठडा असून त्यात दिवे ठेवायचे कोनाडे आहेत. मंदिराशेजारी राजाचा दरबारमंडप आहे. त्याचे कोरीव लाकडी खांब अवश्य पाहावेत. १८१५ चा करार याच मंडपात होऊन राज्य इंग्रजांकडे गेले.

निपाणीकर:
दोघांचेही आभार. १९९८ च्या स्फोटात जुने बांधकाम कितपत टिकले? आणि दात प्रत्यक्ष पाहता येतो का?

शहापूरकर:
२५ जानेवारी १९९८ रोजी तमिळ वाघांनी (एलटीटीई या बंडखोर संघटनेने) दारात ट्रकबॉम्ब उडवला. दर्शनी भागाची मोठी हानी झाली, पण धातूला धक्का लागला नाही आणि पडझड पुढे दुरुस्त झाली. भिंतींचा गिलावा निघाल्यावर खालची जुनी चित्रे उजेडात आली, हे जाणकारांच्या दृष्टीने विशेष.

मलप्रभाकाठ:
दात एरवी दिसत नाही. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी पूजा होते, तेव्हा गाभाऱ्याचे दार उघडते आणि रांगेतून पुढे सरकताना बाहेरच्या करंडकाचे तेवढे दर्शन घडते. ऑगस्टच्या सुमारास निघणाऱ्या एसल पेराहेर या मिरवणुकीत हत्तीच्या पाठीवर करंडक असतो, पण त्यातही मूळ धातू नसतो.